बूट घासल्याशिवाय एंट्री नाही

हे बघा, ऑकलंडच्या पश्चिमेला वायटाकेरे रेंजेस, आणि जंगलाच्या तोंडाशीच हे स्टेशन. आधी ब्रशवर बूट खसाखसा घासायचे, सोलच्या खाचांतली माती सगळी निघाली पाहिजे, मग जाळीवर पाय दाबला की खालून औषध उडतं. परत येतानाही हेच. तुम्ही म्हणाल एवढं काय, चिमूटभर मातीच तर आहे! चिमूट लांबची गोष्ट, टाचणीच्या डोक्याएवढी पुरते.

हे सगळं कौरी या इथल्या झाडासाठी. उत्तरेला वायपौआच्या जंगलात ताने महुता म्हणून एक कौरी उभी आहे, ५० मीटरच्या वर उंच, बुंध्याचा घेर १३ मीटरहून जास्त. अशा झाडाला मारणारा म्हणजे फायटोफ्थोरा अगाथिडिसिडा, डोळ्याला दिसतही नाही. सगळे बुरशी म्हणतात पण ही खरी बुरशी नाही, माती ओली झाली की याचे बीजाणू चक्क पोहत मुळांपर्यंत जातात, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, शेंडा विरळ होतो आणि हे बघा, बुंध्यातून डिंक गळतोय.

वरुड-मोर्शीच्या माणसाला हे दाखवलं तर तो म्हणेल, अरे हा तर डिंक्या! चूक नाहीच त्याचं, संत्र्याचा डिंक्याही फायटोफ्थोराच करतो, जात फक्त वेगळी. पण बागेत निदान झाडं मोजता येतात, पेस्ट लावता येते, इथे अख्खं जंगल आहे. खोडात फॉस्फाइटची इंजेक्शनं देतात, त्याने रोग मंदावतो, बरा मात्र होत नाही.

मग उरतं काय, तर माती हलू न देणं. डिसेंबर २०१७ मध्ये ते कावेराऊ आ माकी या इथल्या माओरी लोकांनी राहुई लावली, म्हणजे जंगलात पाय ठेवायचा नाही, आणि २०१८ मध्ये कौन्सिलनेही बंदी घातली. तरी काही जण घुसायचेच, माणसं कुठलीही असोत सारखीच. आणि रानडुकरं माती उकरत फिरतात, त्यांचे पाय कोण घासणार?

आता काही ट्रॅक दुरुस्त करून उघडलेत. ही फळ्यांची वाट बघा, मुद्दाम जमिनीपासून उचललीय, कारण कौरीची बारीक मुळं पालापाचोळ्याच्या अगदी खाली, वरच्या थरातच पसरलेली असतात. मुळांवर पाय पडत नाही आणि बुटाला चिखलही लागत नाही.

चला, परत ब्रश. थांबा, माझ्या सोलमध्ये खडा अडकलाय, काडीने काढते.