कोचनंतरचा कोच

(सकाळ. स्टेडियमबाहेरचा कांस्याचा पुतळा. कॅमेरा हळूहळू पायाशी उतरतो.)

पुतळ्याच्या पायाशी फुलं आहेत. फुलांच्या शेजारी चकचकीत वेष्टनात जे गोल गोल दिसतंय, ती ओटमीलची बिस्किटं. मधे क्रीम भरलेली, किराणा दुकानात खोक्यानं मिळणारी. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे कोच निक सेबन रोज सकाळी अशी दोन खायचे, हे अलाबामात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून देवाला त्याच्या आवडीचा नैवेद्य दाखवावा तशी लोकांनी ती इथं आणून ठेवली आहेत.

माणूस गेलेला नाही. ठणठणीत आहे. त्यानं फक्त नोकरी सोडली आहे.

10 जानेवारी 2024, बुधवार. दुपारी सेबन यांनी खेळाडूंना एकत्र बोलावलं आणि आपण थांबतोय असं सांगितलं. वय 72. या विद्यापीठात 17 मोसम, त्यात 6 राष्ट्रीय विजेतेपदं. त्याआधी लुइझियानात मिळवलेलं धरलं तर 7. नऊ दिवसांपूर्वीच ते मिशिगनशी जादा वेळेत 27-20 असा सामना हरले होते, आणि हा आपण पाहिलेला त्यांचा शेवटचा सामना आहे याची कुणाला शंकाही आली नव्हती.

संध्याकाळ व्हायच्या आत राज्यात एकच प्रश्न उरला. आता कोण?

(ड्रोनमधून स्टेडियम. शेजारी दफनभूमी, पलीकडे वसतिगृहं.)

हे टस्कलूसा. वस्ती साधारण एक लाख. ब्रायंट-डेनी स्टेडियममधल्या जागासुद्धा तेवढ्याच, एक लाखाच्या किंचित वर. म्हणजे अख्खं गाव कुलूप लावून सामन्याला आलं तरी सगळ्यांना बसायला जागा मिळेल.

इथलं फुटबॉल आपल्या ओळखीचं नाही. लंबगोल चेंडू, डोक्याला शिरस्त्राण, आणि तासन् तास चालणारी धडकाधडकी. देशात या खेळाची व्यावसायिक लीग आहे, पण अलाबामा राज्याचा तिच्यात संघ नाही. त्यामुळे मुंबईला क्रिकेट आणि कोल्हापूरला तालीम जशी, तसं या राज्याला विद्यापीठाचं फुटबॉल. घर अलाबामाचं की राज्यातल्या दुसऱ्या, ऑबर्न विद्यापीठाचं, हे लग्न जुळवतानाही विचारलं जातं म्हणतात. ते खोटं असलं तरी शोभून दिसतं.

(एका ओळीत उभे असलेले पाच पुतळे. कॅमेरा एकेकापाशी थांबतो.)

राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या कोचलाच इथं पुतळा मिळतो. वॉलेस वेड. फ्रँक थॉमस. पॉल ब्रायंट. जीन स्टॉलिंग्ज. आणि टोकाला सेबन, ज्यांचा पुतळा 2011 सालीच, ते कामावर असतानाच उभा राहिला. नव्या कोचला सामन्याच्या दिवशी या ओळीसमोरून आत जावं लागतं.

आता ब्रायंट आणि स्टॉलिंग्ज यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघा. या दोघांच्या मधे दोन माणसं होऊन गेली. त्यांच्यातला पहिला रे पर्किन्स. आजच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर त्याच्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तेच कुणी करत नाही.

(जुनं चित्रण. चौकड्यांची टोपी घातलेला उंच माणूस गोलपोस्टला टेकून उभा.)

हे पॉल ब्रायंट. सगळं जग त्यांना ‘बेअर’ म्हणायचं, कारण पोरवयात पैजेखातर ते अस्वलाशी कुस्ती खेळले होते. 1958 साली टेक्सासमधली चांगली नोकरी सोडून ते आपल्या जुन्या विद्यापीठात परतले. का परतलात, असं विचारल्यावर दिलेलं उत्तर इथं आजही भिंतींवर छापलेलं सापडतं: आईनं हाक मारली, आणि आईनं हाक मारली की धावत यायचं असतं.

पुढची 25 वर्षं ते इथं होते. 6 राष्ट्रीय विजेतेपदं. एकूण कारकिर्दीत 323 विजय. सरावाच्या मैदानात त्यांनी एक लोखंडी मनोरा उभारून घेतला होता. हा बघा. वर जायला जिना, माथ्यावर छोटं छप्पर. ब्रायंट वर बसायचे, हातात कर्णा. खाली शंभरेक पोरं धावतायत, आणि त्यांच्यातलं कुणीही मान वर करून बघत नाही. वरचा माणूस आपल्याकडेच बघतोय, असं प्रत्येकाला वाटत असतं. मनोऱ्याच्या साखळीचा आवाज झाला की कोच खाली उतरतायत हे कळायचं, आणि मग कुणाचं तरी काही खरं नसायचं.

डिसेंबर 1982 मध्ये ब्रायंट यांनी निवृत्ती जाहीर केली. फुटबॉल सोडलं तर आठवड्यात मरेन, असं ते गमतीनं म्हणायचे. 29 डिसेंबरला मेम्फिसमध्ये शेवटचा सामना जिंकला. 26 जानेवारीला गेले. मधे 28 दिवस.

(मोटारींची लांब रांग. पुलांवर उभी माणसं. आवाज नाही.)

टस्कलूसा ते बर्मिंगहॅम.

(चित्रण वीस सेकंद तसंच चालू.)

या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, विद्यापीठात, पर्किन्स आपली खुर्ची मांडत होते.

ते परके नव्हते. साठच्या दशकात याच मैदानावर, याच ब्रायंट यांच्या हाताखाली खेळलेले, विजेतेपदं पाहिलेले. न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघाची कोचगिरी सोडून ते आले होते. म्हणजे आईची हाक त्यांनाही ऐकू आली होती, फक्त ती वाक्यात पकडण्याचं कसब त्यांच्याकडे नव्हतं. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी.

आणि त्यांनी मनोरा काढायला लावला.

कारण साधं होतं. पर्किन्स खाली मैदानात, खेळाडूंच्या मधे उभं राहून शिकवणारे कोच. वर बसायला कुणी नाही, तर मधे लोखंड कशाला? हिशेबानं बरोबर. पण भरतानं पादुका सिंहासनावरून काढून कोनाड्यात ठेवल्या असत्या तर अयोध्येत जे झालं असतं, ते इथं झालं. ब्रायंट यांची आक्रमणाची ठरलेली पद्धतही पर्किन्सनी मोडली आणि चेंडू हवेतून फेकायला सुरुवात केली. आज सगळे तेच करतात. तेव्हा तो धर्म बुडवणं होता.

1984 साली संघ 5 जिंकला, 6 हरला. 1957 नंतर पहिल्यांदाच विजयांपेक्षा पराभव जास्त. दुसऱ्या वर्षी ऑबर्नविरुद्ध शेवटच्या क्षणी व्हॅन टिफिननं 52 यार्डांवरून चेंडू मारून 25-23 असा सामना काढला, ती फीत इथं अजून लग्नाच्या व्हिडिओसारखी पुन्हा पुन्हा बघतात. तो चेंडू उडाला तेव्हा कोच कोण होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. चार मोसमांत 32 विजय, 15 पराभव, 1 बरोबरी. मग पर्किन्स टँपाला निघून गेले. 2020 साली त्यांचं निधन झालं.

मनोरा पुढे पुन्हा उभा केला.

(वर्तमानपत्रांची कात्रणं, एकावर एक.)

मग बिल करी आले. ते जॉर्जिया टेकचे, म्हणजे बाहेरचे. एका पराभवानंतर त्यांच्या कार्यालयाच्या खिडकीतून वीट आत आली. तिसऱ्या वर्षी त्यांनी 10 सामने जिंकले आणि तरीही ते केंटकीला गेले, कारण तीन वर्षांत तीनदा ऑबर्नकडून हरले होते. स्टॉलिंग्ज आले, 1992 चं विजेतेपद आलं, पुतळा मिळाला. ड्युबोस. फ्रँचिओनी, दोन वर्षांत टेक्सासला. माइक प्राइस तर एकही सामना न खेळवता 2003 च्या मे महिन्यात गेले. मग माइक शूला, घरचाच जुना क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू. 2006 मध्ये तेही गेले. त्यांच्या जागी ठरवलेल्या रिच रॉड्रिगेझनी ऐनवेळी नकार दिला, आणि तेव्हा, अक्षरशः नाइलाज म्हणून, मायामीतल्या एका माणसाकडे पुन्हा जायचं ठरलं. तो माणूस पत्रकारांना सांगत होता की मी अलाबामाचा कोच होणार नाही.

3 जानेवारी 2007 ला तो टस्कलूसाच्या विमानतळावर उतरला. त्या वसंतात संघाच्या नुसत्या सराव सामन्याला 92,138 लोक आले. पहिल्याच मोसमात सेबन लुइझियाना-मनरो नावाच्या किरकोळ संघाकडून घरच्या मैदानावर हरले. हे आज कुणाला आठवत नाही. आठवायची गरज पडली नाही.

(रेडिओ स्टुडिओ. फोनचे दिवे लुकलुकतायत.)

तर जानेवारी 2024. पॉल फाइनबॉम यांच्या कार्यक्रमात दुपारभर फोन येत असतात. बर्मिंगहॅमच्या रेडिओवर सुरू झालेला हा कार्यक्रम आता टीव्हीवरही दिसतो. ऑबर्नची जुनी ओकची झाडं विष घालून मारल्याची फुशारकी एका अलाबामाभक्तानं याच कार्यक्रमात फोन करून मारली होती. कर्णधार कोण असावा यावर विरार लोकलमध्ये हमरीतुमरीवर येणारा माणूस इथं आणून बसवला तर त्याला अगदी घरी आल्यासारखं वाटेल.

पहिलं नाव डॅबो स्विनी. क्लेमसनचे कोच, दोन राष्ट्रीय विजेतेपदं, दोन्ही अंतिम सामन्यांत अलाबामालाच हरवून. मुळात मात्र इथलेच. शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरलेला पोरगा, 1992 च्या विजेत्या संघात होता. अर्ध्या लोकांना वाटतं, रक्ताचा वारस हाच. उरलेले म्हणतात, हा दुसऱ्या विद्यापीठांतून खेळाडू घेत नाही, जमाना बदलला तरी याचा हट्ट सुटत नाही. क्लेमसननं याचा अंदाज आधीच बांधला होता: स्विनी इतर कुठेही गेले तर एक भरपाई, अलाबामाला गेले तर त्याहून मोठी, असं त्यांच्या करारातच लिहिलं होतं.

दुसरं, डॅन लॅनिंग. ओरेगनचे, वय 37, कधीकाळी सेबन यांच्याच हाताखाली शिकाऊ. तरुण पोरं त्यांच्या बाजूनं. दुसऱ्याच दिवशी लॅनिंगनी एक चित्रफीत काढून सांगितलं, मी इथून हलत नाही. तिसरं, स्टीव्ह सार्किशियन. 2020 च्या विजेत्या संघाचं आक्रमण त्यांनी बसवलं होतं, आणि चारच महिन्यांपूर्वी टेक्ससचा संघ घेऊन येऊन टस्कलूसातच 34-24 असं हरवून गेले होते. चौथं, माइक नॉरव्हेल, फ्लोरिडा स्टेटचे. डिसेंबरात त्यांचा 13 पैकी 13 जिंकलेला संघ अंतिम चौघांत घेतला नव्हता, आणि ती जागा मिळाली होती अलाबामाला. आधी जागा नेली, आता कोचही नेणार, म्हणून तिकडच्या लोकांचा तळपापड.

या चर्चेत गुण मोजले जात होते असं वाटत असेल तर पुन्हा ऐका. स्विनी हवा म्हणणाऱ्याला 1992 हवं असतं. लॅनिंग हवा म्हणणाऱ्याला 2007 चे सेबन हवे असतात, अजून न थकलेले. पर्किन्सचं नाव दोन दिवसांत आम्ही ध्वनिमुद्रित केलेल्या तासांमध्ये एकदाही आलं नाही.

(मोबाइलचा पडदा. नकाशावर सरकणारं पिवळं विमान.)

या काळात शेकडो माणसं कामधाम सोडून हे बघत बसली होती. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख ग्रेग बर्न यांनी खेळाडूंकडे 72 तास मागितले होते. पण लोकांना खाजगी विमानांचे क्रमांक पाठ. टस्कलूसातून एक विमान उडालं की तर्क सुरू. पश्चिमेला वळलं म्हणजे ओरेगन. नाही, इंधन बघ, टेक्सस. काही विमानं कोचसाठी निघाली नव्हतीच. आमच्या शेजारच्या टेबलावर एका गृहस्थांनी ज्या विमानाचा अडीच तास पाठलाग केला, ते शेवटी त्याच जिल्ह्यात उतरलं.

नॉरव्हेलनी आपल्याच विद्यापीठाशी नवा घसघशीत करार केला. सार्किशियनही जागेवरच राहिले. ज्यांच्या गुडघ्याला लोकांनी बाशिंग बांधलं होतं, त्यातलं कुणीच मांडवात आलं नाही.

(शुक्रवार, 12 जानेवारी. अंधारलेला विमानतळ. कुंपणापाशी गर्दी, किरमिजी टोप्या.)

आले ते केलन डिबोअर. साउथ डकोटातल्या मिलबँक गावचे. वॉशिंग्टन विद्यापीठाला त्यांनी चारच दिवसांपूर्वी राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. त्याआधी सू फॉल्स या लहानशा कॉलेजात 67 विजय आणि 3 पराभव, तीन विजेतेपदं. दक्षिणेत कधी राहिलेले नाहीत. सेबन यांच्या हाताखाली कधी काम केलेलं नाही. 8 वर्षांचा करार, 8 कोटी 70 लाख डॉलर.

गर्दी ओरडतेय ती त्यांच्या नावानं नाही. ‘रोल टाइड’, संघाच्या नावानं. डिबोअर हात हलवतायत. त्यांचे डोळे कुठे जातात ते बघा.

(पाच पुतळे, रात्री. दिव्यात.)

पुढचं थोडक्यात. कोच बदलला की खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जायला तेव्हा 30 दिवस मिळायचे. केलब डाउन्स ओहायो स्टेटला गेला, आयझाया बाँड टेक्ससला, केडिन प्रॉक्टर आयोवाला आणि तिथून परतही आला. सेबन टीव्हीवर बोलू लागले. सप्टेंबरात मैदानाला त्यांचं नाव दिलं. त्याच महिन्याच्या शेवटी डिबोअर यांच्या संघानं जॉर्जियाला 41-34 असं हरवलं, अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचली, आणि आठवडाभर फाइनबॉमच्या कार्यक्रमात तक्रारीचे फोन कमी झाले.

(नॅशविल. 5 ऑक्टोबर 2024. मैदानात घुसलेली गर्दी. उपटलेले गोलपोस्ट खांद्यावर.)

व्हँडरबिल्ट 40, अलाबामा 35. हे लोक गोलपोस्ट उपटून शहरातून मिरवत नेतायत. आणि ती कंबरलँड नदी. गेले पाण्यात.

व्हँडरबिल्टनं याआधी अलाबामाला हरवलं होतं ते 1984 साली. तेव्हा या बाजूला रे पर्किन्स उभे होते.