पान हाय का, मावशी?

नमस्कार श्रोतेहो. आज बांधकामावरच्या संडासाविषयी आणि हात धुण्याविषयी बोलायचंय. ऐन चहाच्या वेळी हा विषय काढला म्हणून रागावू नका.

बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये केंद्राचा कायदा झाला. कामाच्या जागी पुरेसे संडास हवेत आणि कामगार तिथं आहेत तोवर ते केव्हाही वापरता आले पाहिजेत, असं त्यात लिहिलं. केव्हाही. हा शब्द तेवढा ध्यानात ठेवा, केव्हाही.

आता गोष्ट. काही वर्षांपूर्वी पुण्याबाहेर एका साईटवर बिगारी बायकांशी बोलायला गेले होते. कोपऱ्यात पत्र्याचा संडास, त्याला कुलूप. चावी वॉचमनकडे, आणि हरवू नये म्हणून चावीला वीतभर लाकडी ठोकळा बांधलेला. तो हातात घेऊन गवंडी, सेंट्रिंगवाले सगळ्यांच्या देखत जायचं, म्हणजे दवंडीच की! बायका त्यापायी पाणीच कमी प्यायच्या.

आमच्या गप्पा चालल्या होत्या, आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी येऊन एका म्हाताऱ्या मावशींना विचारायचं, "मावशी, पान हाय का?" मावशी कमरेची चंची सोडून काहीतरी हातावर ठेवायच्या. मला वाटलं, काय हा पानाचा शौक! एकीचंही तोंड रंगलेलं नाही, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. पानावरून आठवलं, हल्ली चॉकलेटचं पान मिळतं. मला ते मुळीच मान्य नाही. पान म्हणजे कात, चुना, सुपारी. असो.

दुपारी माझीच पंचाईत झाली. मावशींच्या कानाशी लागले, तर म्हणाल्या, "पान घ्या की ताई."

"नको हो, मी खात नाही."

"खायाचं न्हाई वो, घ्या!"

सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हातावर पडली ती चावी! एक दिवस मावशींनी वॉचमनला सांगितलं, पोट बिघडलंय, वेळ लागेल. आणि ठोकळ्यासकट चावी बाजारात नेऊन, पदरच्या पैशानं दुसरी करून आणली. वॉचमनला पत्ताच नाही.

बाहेर आले तर हात धुवायला पाणी मारायचा ड्रम. थाप्या, घमेली त्यातच बुचकळलेली. पानात चुना जास्त झाला की तोंड भाजतं ना? सिमेंटातही चुना असतो. ओलं सिमेंट कातडीवर राहिलं की चरे पडतात, खाज सुटते, आणि त्याच हातांनी भाकरी. म्हणून वाहतं पाणी हवं, साबण हवा. ड्रमातलं पाणी नको. आणि प्यायचं पाणी संडास-मोरीपासून किमान 6 मीटर लांब, हेही त्याच कायद्यात लिहिलं होतं.

तुमच्या घरी फरशी बदलायला माणसं येतील, तेव्हा नळापाशी साबणाची वडी ठेवा. कुठला संडास वापरायचा ते पहिल्याच दिवशी सांगा. बिगारीण असेल तर तिला आधी सांगा, ती आपणहून विचारणार नाही. आणि आतली कडी नीट लागते ना, तेवढं बघून घ्या.

नमस्कार.