हौशी वैमानिक, शाळकरी कॅडेट

[दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. समुद्रात पेटलेलं तेलवाहू जहाज.]

१९४२ चा जानेवारी. जर्मन पाणबुड्या थेट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी येऊन ठेपल्या होत्या. तेलाची जहाजं एकामागून एक बुडत होती आणि नौदलाकडे गस्तीला पुरेशी विमानं नव्हती. विमानं होती ती हौशी लोकांकडे. एका इंजिनाची, दोन-चार माणसं मावतील एवढी.

ही मंडळी त्याआधीच एकत्र आली होती. १ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या सहा दिवस आधी, ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ ही नागरी हवाई गस्त घालणारी संस्था स्थापन झाली. युद्ध पेटलं की सरकार खासगी उड्डाणं बंद करणार, ही धास्ती त्यामागे होतीच. देशप्रेम खरं, पण आपलं उडणं चालू राहावं हा स्वार्थही तितकाच खरा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मार्च १९४२ मध्ये अटलांटिक सिटीहून गस्त सुरू झाली. आधी हाती शस्त्र नव्हतं, पाणबुडी दिसली की वायरलेसवर कळवायचं एवढंच काम. पुढे याच चिमुकल्या विमानांच्या पोटाखाली बॉम्ब टांगले गेले. ऑगस्ट १९४३ पर्यंत ८६ हजारांवर फेऱ्या झाल्या. ९० विमानं गेली, २६ माणसं गेली. दोन पाणबुड्या बुडवल्याचा दावा संस्था बरीच वर्षं करत आली, पण जर्मन नोंदींत त्याला आधार सापडत नाही. नसू दे. वर विमान दिसलं की पाणबुडीला बुडी मारावी लागे, आणि पाण्याखाली तिचा वेग निम्म्याहूनही कमी होई. तेवढ्यात जहाज निसटून जाई.

[दृश्य: आजचा छोटा विमानतळ. गणवेशातली मुलं-मुली रांगेत.]

कॅडेट आले ऑक्टोबर १९४२ मध्ये. युद्ध संपलं, ते राहिले. १९४८ मध्ये संस्था हवाई दलाची कायमची सहायक झाली. आज बाराव्या वर्षी मुलांना प्रवेश मिळतो आणि एकविसाव्या वर्षापर्यंत कॅडेट राहता येतं. आपल्याला इथे एनसीसी आठवणार. पण एनसीसी चालते शाळा-कॉलेजांतून, संरक्षण मंत्रालयाच्या देखरेखीखाली. इथे आठवड्यातून एका संध्याकाळी गावातलेच स्वयंसेवक मुलांना जमवतात. कवायत, विमानविद्या, व्यायाम. आणि ज्यासाठी बहुतेक जण येतात ते सेस्ना या छोट्या विमानातलं उड्डाण, तेही फुकट. मूल वैमानिकाशेजारी बसतं आणि वर गेल्यावर थोडा वेळ विमान त्याच्या हातात देतात. कुणाला उलटी होते. पिशवी जवळच ठेवलेली असते.

[दृश्य: रात्र. टॉर्चचे झोत. हातात अँटेना.]

अपघातात सापडलेली विमानं शोधायचं कामही ही संस्था करते. त्यात मात्र असला थाट नाही. विमान आदळलं की त्यातला बीकन, म्हणजे संकटाची खूण देणारा छोटा रेडिओ, आपोआप संदेश पाठवू लागतो. ४०६ मेगाहर्ट्झचा संदेश उपग्रह पकडतो, शेवटचा माग जमिनीवरून १२१.५ मेगाहर्ट्झवर काढतात. पुष्कळदा अपघात झालेलाच नसतो. कुणीतरी जरा जोरात उतरलेलं असतं आणि विमान हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या शेडमध्ये, उभं राहून ओरडत असतं. तरीही शोधावंच लागतं, कारण खऱ्या हाकेत आणि खोट्या हाकेत लांबून फरक कळत नाही.

कॅडेटला इथे एक साधी युक्ती शिकवतात. रेडिओ छातीशी धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. आवाज सर्वांत क्षीण झाला की थांबायचं. आपलंच शरीर संदेश अडवतंय, म्हणजे बीकन पाठीमागे आहे. मग वळायचं, चालायचं, पुन्हा फिरायचं. हँगर सापडलं की मालकाला झोपेतून उठवायचं. ते काम मोठी माणसं करतात, कारण मालक चिडलेला असतो. बीकन बंद झाला की फ्लोरिडातल्या टिंडल तळावरच्या बचाव समन्वय केंद्राला कळवायचं आणि मग घरी जायचं.

या कामाचा पगार नाही. उलट सभासदत्वाची वर्गणी दरवर्षी ज्याची त्यानं भरायची असते.