इंजिन ठोकतंय, दोष कुणाचा?

मंडळी, पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असली की चढावर इंजिन कसं ठोकायला लागतं, ते तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. आपण त्याला नॉकिंग म्हणतो आणि लगेच पंपवाल्यावर संशय घेतो. पण शंभर वर्षांपूर्वी, ज्यांनी इंजिनं बनवली त्यांनाच हा संशय सुचत नव्हता. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

१९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅकच्या मोटारींना चार्ल्स केटरिंग या संशोधकाचा विजेवरचा सेल्फ-स्टार्टर आणि बॅटरीवर चालणारी इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, बसली. काही गाड्या ठोकू लागल्या आणि सगळा ठपका इग्निशनवर आला. केटरिंग यांना तो मान्य नव्हता. पुढे त्यांच्या कंपनीने घरगुती वीज तयार करायचा संच काढला. तो रॉकेलवर चालायचा आणि जोरात ठोकायचा. थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला त्यांनी या कामाला लावलं. मिजलीने सिलिंडरमधला दाब बारकाईने पाहिला. दाबाचा तो भयंकर झटका ठिणगी पडल्यानंतर येत होता. ठिणगीची ज्योत पसरत असताना पलीकडच्या कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकत होतं. म्हणजे इग्निशन निर्दोष होती. रॉकेल लाल केलं तर ते उष्णता लवकर शोषेल, अशी त्यांची एक कल्पना होती. रंग हाताशी नव्हता, म्हणून १९१६मध्ये त्यात आयोडीन टाकलं आणि ठोकणं थांबलं. नंतर खरे लाल रंग टाकून पाहिले, तर काहीच फरक पडला नाही. तर्क चुकला होता, पण इंधनात काही मिसळून नॉकिंग आवरता येतं हे हाती लागलं.

आता त्या काळचं पेट्रोल कसं होतं ते बघा. १९१०मध्ये अमेरिकेत नोंदलेल्या मोटारी पावणेपाच लाखांच्या आत होत्या, १९२०पर्यंत त्या ९२ लाखांच्या पुढे गेल्या. एवढ्यांची तहान भागवायला तेलवाले कच्च्या तेलातला जास्त जड भागही पेट्रोलमध्ये घेऊ लागले. १९१३पासून इंडियानातल्या व्हायटिंगला बर्टन पद्धतीने जड तेल फोडून पेट्रोल काढणं सुरू झालं. ते पिवळसर, उग्र वासाचं, म्हणून लोक नाक मुरडायचे. प्रत्यक्षात ते नॉकिंगला जास्त दाद देत नव्हतं! पण ते मोजणार कशाने? तेव्हा पेट्रोलची प्रत ठरायची ती घनतेवरून. काचेची नळी बुडवायची, जितकं हलकं तितकं चांगलं.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी ही समजूत मोडून काढली. शेल कंपनीच्या पैशातून त्यांनी एका सिलिंडरचं एक इंजिन बांधलं. त्यातला सिलिंडर इंजिन चालू असतानाच वरखाली करून कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती दाबलं जातं ते, बदलता यायचं. त्यात बोर्निओचं जड पेट्रोल भरलं, तर ते हलक्या पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त कॉम्प्रेशन सोसत होतं, कारण त्यात बेंझिनसारखे ॲरोमॅटिक घटक भरपूर होते. जे जड म्हणून कमी प्रतीचं मानलं गेलं, तेच सरस निघालं. मला हे इंजिन त्या काळातलं सर्वांत सुंदर यंत्र वाटतं. कारखान्यात एकच पेट्रोल धरून इंजिनांची तुलना व्हायची, इथे एकच इंजिन धरून पेट्रोलची तुलना झाली.

मी टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिनं चालवून तपासतात तिथे, काम करायचो तेव्हाची गोष्ट सांगतो. एक इंजिन सकाळपासून ठरलेली ताकद देईना. आम्ही कार्ब्युरेटर दोनदा उघडला, टायमिंग पुन्हा लावलं. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, आज पेट्रोलचं पिंप नवं फोडलंय का? फोडलं होतं. तेव्हापासून पिंपाचा नंबर रीडिंगच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहायची सवय मला लागली.

पेट्रोल किती ठोकतं ते मोजायची पट्टी आली ती १९२६-२७मध्ये, ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाकडून. सहसा न ठोकणारं आयसोऑक्टेन म्हणजे १००, लगेच ठोकणारं हेप्टेन म्हणजे शून्य. पेट्रोल या दोघांच्या ज्या मिश्रणाइतकं ठोकेल, त्यातला आयसोऑक्टेनचा टक्का हा त्याचा ऑक्टेन नंबर. शुद्ध हेप्टेन मिळालं कुठून, तर कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन या झाडाच्या डिंकातून! मग १९२९च्या सुमारास विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा कंपनीने सीएफआर नावाचं, पेट्रोलची परीक्षा घेणारं इंजिन बनवलं. त्याचंही कॉम्प्रेशन चालू असताना बदलतं.

मधल्या काळात मिजली टेट्राएथिल लेड या नॉकिंग थांबवणाऱ्या शिशाच्या संयुगापर्यंत पोचले होते, ९ डिसेंबर १९२१ रोजी. १९२३मध्ये ते पेट्रोलमध्ये विकायला आलं. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत ते बनवणारे पाच कामगार मेले. तरीही शिसं पेट्रोलमध्ये राहिलं, आपल्या देशात ते २०००पर्यंत विकलं गेलं. नॉकिंग थांबवण्यासाठी आयोडीनपासून सुरू झालेल्या शोधाचं हे वळण मला आजही अस्वस्थ करतं.

सीएफआर इंजिन मात्र अजून रिफायनऱ्यांच्या प्रयोगशाळांत आहे. एकच सिलिंडर, मिनिटाला सहाशे फेरे. तुमच्या पंपावरच्या पेट्रोलचा ९५ वगैरे जो ऑक्टेन नंबर सांगतात, तो अशाच एका इंजिनात ठोका सुरू होईपर्यंत कॉम्प्रेशन वाढवून काढलेला असतो.