झावळीवरचा काळा ठिपका

नमस्कार श्रोतेहो.

वाळून लोंबणाऱ्या झावळीकडे सहसा कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. बुरशीचा अभ्यासक मात्र तिथेच थांबतो. ताडकुळातली, म्हणजे नारळ, सुपारी, ताड यांची पानं चिवट, धागेदार. मेली तरी कित्येकदा झाडालाच लटकून राहतात आणि सावकाश कुजतात. तेवढ्या अवधीत देठावर मोहरीहूनही बारीक काळे ठिपके उठतात. या सूक्ष्म बुरश्या. यांतल्या पुष्कळ जणी रोगबिग करत नाहीत, मेलेल्या पानावर गुजराण करतात. नुकसान नाही, म्हणून दखलही नाही!

बुरशीतज्ज्ञ डेव्हिड हॉक्सवर्थ यांनी १९९१ साली जगात बुरश्यांच्या १५ लाख जाती असाव्यात असा अंदाज मांडला. त्यामागचा हिशोब वनस्पतीच्या एका जातीमागे बुरश्यांच्या साधारण सहा जातींचा होता. १९९९ मध्ये जेन फ्रोलिख आणि केविन हाइड यांनी ताडकुळापुरतं हे प्रमाण ३३ असावं असं सुचवलं. ताडकुळातल्या जाती अडीच हजारांच्या वर आहेत. आकडा वादाचा असेल, पण नव्या बुरश्या शोधून त्यांना नाव देण्याचं काम किती पडलंय ते त्यावरून कळतं.

झावळीचा तुकडा आणायचा, ठिपका ब्लेडने अलगद कापायचा आणि पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. आत नळीसारख्या धानी, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या दिसतात, प्रत्येकीत बहुधा आठ बीजाणू. ऑक्सिडोथिस या ताडांवर वारंवार भेटणाऱ्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, ते लांबट, टोकांकडे निमुळते असतात. आयोडीनचं मेल्झर द्रावण सोडलं की काही बुरश्यांत धानीच्या टोकाचं कडं निळं होतं. न होणं हीसुद्धा खूणच.

इथवर सगळं सोपं. खरी कसोटी पुढे, ही बुरशी नवीच आहे हे ठरवण्यात. एकोणिसाव्या शतकातली वर्णनं अनेकदा दोन ओळींची, आणि त्या काळच्या नमुन्यांचा डीएनए बहुधा हाती लागत नाही. मग त्याच प्रदेशातून, त्याच झाडावरून ताजी बुरशी गोळा करून जुन्या नावाला नवा आधार द्यावा लागतो. भर म्हणून, एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अशा दोन अवस्थांना दोन वेगळी नावं देण्याची मुभा २०११ पर्यंत होती. त्यामुळे आपली 'नवी' जात एखाद्या जुन्या नावाची हरवलेली अवस्था निघू शकते.

डीएनए आहे की, असं कुणी म्हणेल. डीएनएचा आयटीएस नावाचा भाग २०१२ साली बुरश्यांची ओळखपट्टी म्हणून पुढे आला, पण कोलेटोट्रायकमसारख्या बुरशीच्या प्रजातीत जवळच्या जाती त्याने वेगळ्या होत नाहीत. आणखी जनुकं तपासावी लागतात. शिवाय सार्वजनिक जनुकपेढीतल्या काही नोंदींवर नावच चुकीचं असतं. माझ्या मते सूक्ष्मदर्शक बाजूला सारून नुसत्या डीएनएवर नवी जात जाहीर करणं घाईचं आहे.

नाव देण्याचे नियम कडक आहेत. एक वाळवलेला नमुना संग्रहालयात कायमचा ठेवायचा. वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत. आणि २०१३ पासून मायकोबँकसारख्या, बुरश्यांच्या नावांच्या नोंदवहीचा क्रमांक सक्तीचा. जिवंत संवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी, तशीच नमुना म्हणून चालत नाही. तिची वाढ आधी थांबवावी लागते.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे ताडाची ओळख. पडलेल्या झावळीवरून जात सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून झावळी उचलतानाच फुलोरा किंवा फळ सापडलं तर तेही पिशवीत टाकावं, आणि ताड जाणणाऱ्याला दाखवावं.