आजींच्या मागचा परिवार

नमस्कार श्रोतेहो. नव्वदीच्या आजी गेल्या की 'त्यांच्या मागे दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे' अशी ओळ छापून येते. दोन-तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या पाठीवर एकही जखम नव्हती, हे मात्र कुणी छापत नाही. खरं तर त्या घराने काय केलं, ते त्या पाठीवरूनच कळतं.

झोपून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. माकडहाड, खुबे, टाचा इथे हाड कातडीला अगदी लागून असतं. सततच्या दाबाने तिथे रक्त पोचत नाही, त्यात चादर ओली राहिली की कातडी लवकर सोलवटते. बोटाने दाबूनही लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात समजायची. हवेची गादी मदत करते, पण तिच्या भरवशावर कूस बदलणं सोडता येत नाही. एकट्याने ओढलं तर कातडी घासते, म्हणून कमरेखाली दुहेरी चादर घालून दोघांनी उचलायचं. भरवताना बसतं करायचं आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं, नाहीतर पेज श्वासनलिकेत जायची भीती.

भेटायला जाल तेव्हा हे सगळं करणाऱ्या माणसाचं नाव घेऊन बोला. बहुधा ती सून असते, आणि आलेल्यांचा चहाही तीच टाकत असते! पिठलं-भाताचा डबा न्या. 'शेवटी नेमकं काय झालं?' हे प्रत्येकाने विचारलंच पाहिजे असं नाही.

कागदपत्रांचं काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यावं. मृत्यू घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४अ, आधी घ्या. मग पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीत अडत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. घोळ होतो तो नावाचा. आधारवर सासरचं नाव, जुन्या पासबुकावर नावापुढे 'बाई', फ्लॅटच्या कागदावर तिसरंच काहीतरी. अर्जावरचं नाव आधारशी अक्षरन्‌अक्षर ताडून मगच सही करा, नाहीतर दुरुस्तीचे हेलपाटे ठरलेले. दाखल्याच्या सात-आठ प्रती एकदमच काढा. आजींना पेन्शन असेल तर बँकेला लगेच कळवा. मृत्यूनंतरच्या काळाची जमा झालेली रक्कम परत करावी लागते, ती एटीएममधून काढू नका.

दहाव्याच्या विधींना ओंकारेश्वराच्या घाटावर सगळे येतात, गोडाचं जेवण झालं की पांगतात. रात्री दोनला दचकून उठायची सवय त्या सुनेला मात्र पुढेही राहते. सगळे पांगल्यावर तिच्याकडे जा. तिची झोप, तिची कंबर, इतकी वर्षं राहून गेलेली तिची स्वतःची रक्तदाबाची तपासणी, याची चौकशी करा; आणि डॉक्टरांची वेळ घेऊनच जा, म्हणजे 'बघू नंतर' म्हणायला तिला जागा राहणार नाही.