डबी भरणारी मुले

आठवड्याच्या गोळ्या ठेवण्याच्या प्लास्टिकच्या डबीला सात कप्पे असतात, वारांप्रमाणे. संधिवाताने किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने आईची बोटे वळेनाशी झाली, की पाकिटातल्या गोळ्या काढून या कप्प्यांत भरण्याचे काम अनेकदा घरातले शाळकरी मूल करू लागते. पाठोपाठ धाकट्या भावाला शाळेसाठी तयार करणे, आईला हात धरून न्हाणीघरापर्यंत नेणे, दुकानातून तिची औषधे आणणे, हेही त्याच्याच अंगावर पडते. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांखालील अशा मुलांना ‘यंग केअरर’ म्हणतात. 2011 च्या जनगणनेत एकट्या इंग्लंडमध्ये पाच ते सतरा वर्षे वयाची अशी 1,66,363 मुले नोंदली गेली. मात्र जनगणनेचा तक्ता घरातली मोठी माणसे भरतात, आणि मुलाने केलेली शुश्रूषा त्यांना दरवेळी नोंदवण्याजोगी वाटतेच असे नाही. आजीला वेळेवर गोळी देणे किंवा तिचे पाय चेपणे याला आपल्याकडे तरी काम कोण म्हणते?

इंग्लंडमध्ये या मुलांचा हक्क 2014 च्या दोन कायद्यांनी पक्का केला. चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्ट आणि केअर ॲक्ट यांतील संबंधित तरतुदी एप्रिल 2015 पासून लागू झाल्या. तेव्हापासून एखाद्या मुलावर घरच्या आजारपणाचा भार आहे आणि त्याला मदत लागेल असे दिसले, की कोणी अर्ज केलेला नसला तरी त्याच्या गरजांची पाहणी करणे स्थानिक कौन्सिलवर बंधनकारक आहे. मूल काय काय करते, एवढे विचारून ही पाहणी संपत नाही. ते काम त्या वयाच्या मुलाने करणे योग्य आहे का, त्याचे शिक्षण, खेळ आणि पुढच्या इच्छा यांचे काय होते, हेही पाहावे लागते. या कायद्याचे खरे मोल आम्हांला इथेच दिसते, कारण मुलाला शाबासकी देऊन त्याच्याकडून तेच काम अधिक नीट करून घेणे सर्वांत सोपे असते. त्याऐवजी आईला अंघोळ घालायला प्रशिक्षित मदतनीस पाठवला, तर मुलाची सकाळ मोकळी होते.

अडचण आहे ती मूल दिसण्याची. आपण घरचे सांगितले तर सोशल वर्कर आपल्याला आईपासून दूर नेतील, ही धास्ती अनेक मुलांना असते. आजार मनाचा असेल किंवा घरात दारू असेल, तर तोंड आणखीच घट्ट मिटते. शाळेत मात्र खुणा उमटतात: उशीर, अपुरा गृहपाठ, वर्गात डुलकी, सहलीला ऐनवेळी नकार. ज्या शाळांना हे कळते त्या फार मोठे काही करत नाहीत. मधल्या सुट्टीत घरी फोन करण्याची मुभा, गृहपाठाला दोन दिवसांची सवलत, आणि ज्याच्याशी बोलता येईल असा एक ठरलेला शिक्षक, एवढ्यावरही पुष्कळ निभावते. 2023 पासून इंग्लंडच्या शालेय गणनेत अशा मुलांसाठी वेगळी नोंद आली, तेव्हा पहिल्याच वर्षी दर दहापैकी जवळजवळ आठ शाळांनी आपल्याकडे असे एकही मूल नसल्याचे कळवले. हे पटणारे नाही.

शाळेबाहेर स्वयंसेवी संस्थांचे गट आहेत, जिथे ही मुले संध्याकाळी जमतात, खेळतात, एकत्र जेवतात. तिथे घरच्या आजाराबद्दल बोललेच पाहिजे असा आग्रह नसतो.

पैशांच्या बाबतीत मात्र इंग्लंडचा हात आखडता आहे. प्रौढांना मिळणारा केअरर्स अलाउन्स, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्यांसाठीचा सरकारी भत्ता, सोळा वर्षांखालील मुलांना मिळत नाही, आणि आठवड्याला एकवीस तास किंवा अधिक शिक्षण घेणाऱ्यालाही नाही; म्हणजे शाळा-कॉलेज नेटाने चालू ठेवणाऱ्या मुलाच्या हाती काहीच पडत नाही. स्कॉटलंडने ऑक्टोबर 2019 मध्ये सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वर्षातून एकदा मिळणारे यंग केअरर ग्रँट सुरू केले. सुरुवातीला ते 300 पौंड होते, आठवड्याला सरासरी सोळा तास शुश्रूषा करण्याची अट होती, आणि त्या पैशाचे काय करायचे हे मुलानेच ठरवायचे होते.